‘कसंतरी’चा गट

आई गेल्यानंतर मी पुन्हा कामावर जाऊ लागले, तेव्हा उरणच्या आमच्या दवाखान्यात जुन्या केसपेपरांचे गट पाडायचं काम चाललं होतं. नावं काढून टाकलेली. संगणक सारख्या दिसणाऱ्या रुग्णांना आपला आपण एकत्र करायचा. त्याचं कुठे चुकतंय ते डॉक्टरबाई सांगायच्या. मी दोन-दोन केसपेपर वाचून दाखवायचे आणि त्या म्हणायच्या, “सोबत,” किंवा “वेगळे.” त्यांची उत्तरं भरली की संगणक सगळे गट नव्याने मांडायचा.

सगळ्यात मोठा गट निघाला ‘कसंतरी होतंय’ म्हणणाऱ्यांचा. आमच्याकडे पित्त असो, भीती असो की हृदय, माणूस आधी हेच म्हणतो, आणि लिहिणाऱ्यानेही तेच उतरवलेलं.

“सगळ्यांना एकाच पंगतीत बसवलंय की गं याने!” बाई हसल्या. “माझंही पान मांड त्यात. सकाळपासून मला कसंतरीच होतंय.”

मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

मग एक जोडी आली. पहिली रुग्ण हृदयविकाराची, निदान पक्कं. दुसरीच्या कागदावर होतं: ‘सकाळपासून कसंतरी व्हतंय. पोरगी उगाच घेऊन आली.’

ती पोरगी मी; शब्द आईचेच होते, आणि वरची तारीख मला पाठ होती. त्या दिवशी आईला पित्ताची गोळी मिळाली, आम्ही घरी आलो, आणि थोड्याच दिवसांत ती झोपेत गेली. कशाने, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. मला तेवढंच कळायला हवं होतं.

“वेगळे,” बाई म्हणाल्या. “हिला चालताना दम लागतो असं कुठे लिहिलंय?”

“आणि लागत असेल तर?”

“तर सोबत. का गं?”

“ही माझी आई आहे.”

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, “मग तूच सांग. लागायचा दम?”

बाजारातून येताना आई मध्येच थांबायची. एखाद्या कोळणीला बोंबलांचा भाव विचारायची, घ्यायची काहीच नाही. मी पुढे जाऊन उभी राहायचे.

“दम खायला थांबायच्या, की गप्पा मारायला?”

“कळत नाही हो. बोलायची आवड तिला होतीच. पण शेवटी शेवटी ती अनोळखी माणसांशीही बोलत उभी राहायची.”

बाईंनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, “सोबत घाल.”

गट पुन्हा मांडले गेले. आई हृदयाच्या गटात गेली होती. आता मोकळं वाटेल, असं मला वाटलं होतं; पण संगणकाने मीच बोललेलं मला परत ऐकवावं, तसं काहीतरी झालं. शिवाय तिच्यामागोमाग आणखी काही बायका तिकडे सरकल्या होत्या. तिच्याच वयाच्या, तिच्यासारखंच बोलणाऱ्या. त्या वाटेत थांबायच्या का, कशासाठी थांबायच्या, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

“बाई, हे बरोबर झालं का?”

“मीही तेच बघतेय,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची संगणकाच्या पडद्याजवळ ओढली.