पानशेतची उडी आणि माझी तपासणी

पानशेतला कड्यावरून पाण्यात उडी मारणार, हे मी आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सगळ्यांना सांगून बसलो होतो. कड्यावर पोचल्यावर मला सुरक्षितता आठवली. खाली उतरून, दोरीला दगड बांधून मी पाण्याची खोली मोजली, तीही दोनदा. तळाशी खडक नाहीत ना, हे पोहून पाहिलं. वर येऊन लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, सोडले, पुन्हा आवळले.

बायको शेजारी बसून भडंग खात होती. ती म्हणाली, "अहो, धरणाची तपासणी झाली असेल तर उडी मारणार आहात, की जिना बांधून घ्यायचाय?"

मी भडकलो. पण खरं सांगतो, इतक्या बारकाईने मी एखादा धोकाच शोधत होतो. एकही सापडेना. शेवटी नाइलाजाने उडी मारली.