दुफिए मावशीचा मक्याचा डबा

आमच्या असुयेसोच्या बाजारात मका डब्यानं मोजून विकतात. त्या पत्र्याच्या डब्याला ओलोंका म्हणतात. डबा सगळ्यांचा सारखाच दिसतो, पण त्यातल्या चलाख्या ज्याच्या त्याच्या. कुणी तळ हातोडीनं आत ठोकून घेतं, कुणी तळाशी पुठ्ठा बसवतं, कुणी भरताना आपली चार बोटंच आत ठेवतं. म्हणून शहाणं गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी डबा मागून घेतं, उपडा करतं, तळावर टिचकी मारतं आणि आतून हात फिरवून बघतं. यात कुणी राग मानत नाही. दुफिए मावशीनं चाळीस वर्षं मका विकला, आणि गिऱ्हाईकानं डबा बघितला नाही तर उलट तीच चिडायची.

शाळा तिनं तिसरीत सोडली होती. बाकड्याखाली रबरानं बांधलेला एक रेडिओ असायचा आणि दिवसभर तो ऐकत ती मका निवडत बसायची. मी आज बातमीदार म्हणवून घेतो ते या बाईमुळे. इतकी वर्षं हे कुणाला नीट सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी माझी लाज सांगावी लागते.

मी तेव्हा गावच्या रेडिओवर सकाळी सहाला वर्तमानपत्रं वाचायचो. इंग्रजी पेपर समोर ठेवायचा आणि आपल्या भाषेत लोकांना सांगायचा. नुसतं सांगितलं तर आमच्याकडे कोण ऐकतो? बातमी रंगवावी लागते. मंत्री जिन्यावरून घसरला असं पेपरात असलं, तर मी म्हणायचो की जिन्यानं आज मंत्र्याला पाठुंगळी घेतलं आणि वाटेत टाकून दिलं. टॅक्सीवाले गाडी थांबवून ऐकायचे. लोकांनी माझं नाव माको ठेवलं होतं, म्हणजे मिरची. खरं नाव याव जाबा, पण ते माझ्या आईखेरीज कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं आणि मला त्या मिरचीचंच भारी कौतुक होतं.

एका सोमवारी जिल्ह्याच्या साप्ताहिकात चार ओळी आल्या. असुयेसोच्या आरोग्य केंद्रात वर्षभरात दगावलेल्या नवजात बाळांची संख्या दुप्पट झाली आहे, म्हणजे शंभर टक्के वाढ. बस, एवढंच. मी त्यावर माझी मिरची वाटली. म्हणालो, सुतारांनो, पाळणे करायचं सोडा, आता लहान शवपेट्यांना गिऱ्हाईक आहे.

केंद्रात अचिया सिस्टर एकटीच सुईण होती, अकरा वर्षं. माझं वाक्य दुपारपर्यंत गावभर झालं. मंगळवारी तिच्या दाराबाहेरच्या बाकांवर एकही गरोदर बाई नव्हती. दोघींनी घरीच बाळंत व्हायचं ठरवलं. जिल्ह्याच्या समितीनं गुरुवारी बैठक लावली, आणि तिला काढणार हे सगळे धरूनच चालले होते.

मी मात्र बुधवारी ऐटीत बाजारात गेलो. बायका हसून हात करत होत्या. दुफिए मावशी हसली नाही. तिनं मला बाकड्यावर बसवलं.

"मिरचीशेठ, एक सांगा. मागच्या हंगामात माझी तीन पोती किडली. यंदा सहा. मी धंद्यात कशी?"

"बिघडलात, मावशी. दुप्पट बिघडलात."

"मागच्या हंगामात मी पोती घेतली होती वीस. यंदा सत्तर."

मी बोटांवर मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो.

"आता कशी?" तिनं विचारलं.

"सुधारलात," मी म्हणालो.

"मग तुझ्या बातमीत एकूण पोती किती होती?"

पेपरात तो आकडा नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, पेपरात नाही तर विचारायचं कुणी, मक्याच्या दुकानातल्या म्हातारीनं? आणि हा डबा भरला कुणी, त्याची बोटं आत होती की बाहेर, तेही तू बघितलं नाहीस. नुसता वरचा ढीग बघितलास आणि वर आणखी मूठभर टाकलास.

माझं तोंड एवढंसं झालेलं बघून तिला दया आली असावी. तिनं स्वतःची फजिती सांगितली. रेडिओवर एका कडू काढ्याची जाहिरात लागायची, दहापैकी नऊ जणांची कंबर बरी झाली म्हणून. तिनं दोन बाटल्या पिऊन काढल्या. कंबर होती तिथंच. मग काढा विकायला गाडी आली तेव्हा तिनं त्या विक्रेत्याला गाठून विचारलं, ते दहा जण कोण? तो भला माणूस होता, त्यानं खरं सांगितलं. कंपनीचेच ड्रायव्हर. "त्या दिवसापासून मी बातमीसुद्धा उपडी करून बघते," मावशी म्हणाली. "जा आता. ऊन चढायच्या आत जा."

मी तिथूनच साप्ताहिकाला फोन लावला. आकडा कुणी दिला विचारलं, तर चौकात ज्यानं नुकतंच खाजगी प्रसूतिगृह उघडलं होतं, त्या गृहस्थाचं नाव निघालं. बोटं चांगली मनगटापर्यंत आत होती.

मग केंद्रात गेलो. अचिया सिस्टर रिकाम्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. मला जन्मांची नोंदवही बघायची आहे, असं मी म्हणालो, तेव्हा तिनं घडी अर्धी सोडली आणि कपाट उघडलं. ही वही मागणारा तू पहिला, एवढंच बोलली. आम्ही दोघांनी मिळून पान पान मोजलं. मागच्या वर्षी दीडशे बाळंतपणं, तीन बाळं गेली. यंदा शेजारच्या क्रोबोसोचं केंद्र बंद पडलं, तिकडच्या सगळ्या बायका हिच्याकडे यायला लागल्या. यंदा चारशे ऐंशी बाळंतपणं, सहा गेली. पूर्वी पन्नासात एक जात होतं, आता ऐंशीत एक. तिप्पट काम एका बाईच्या अंगावर पडलं होतं आणि तरी तिनं अधिक बाळं वाचवली होती.

हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही, असं मी जरा जोरातच विचारलं.

ती म्हणाली, "कुणाला सांगू? त्या सहा आयांना? बाई, तुझं बाळ गेलं पण प्रमाण सुधारलं म्हणून? त्या सहा जणींची नावं मला पाठ आहेत. विचार, सांगते."

मी विचारली नाहीत. माझी हिंमत झाली नाही. त्यातल्या एकीच्या घरी परवा सकाळी रेडिओ चालू असेल, आणि तिनं शवपेट्यांचं ते वाक्य ऐकलं असेल, एवढंच डोक्यात घुमत होतं. ते वाक्य मला आजही बोचतं आणि बोचायलाच हवं.

आमचे मॅनेजर बोआटेंगसाहेब चूक कबूल करायला तयार नव्हते. स्टेशनचं नाक कापलं जाईल म्हणाले. मिरची काढून टाकलीस तर तुझी केन्की, तो आंबवलेल्या मक्याचा फिका गोळा, कोण खाणार, असंही म्हणाले. मी हो हो केलं आणि गुरुवारी सकाळी सहाला माइकपुढे बसून सरळ सांगून टाकलं.

"सोमवारी मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी आज सांगतो. चारही आकडे मी स्वतः केंद्राच्या वहीतून मोजून आणलेत. आणि सुतारांबद्दल जे बोललो, त्यासाठी मी सहा घरांची माफी मागतो."

चारही आकडे दोनदा वाचले, आणि आकडा कुणाकडून आला होता तेही सांगितलं. रंगवलं काहीच नाही. एका टॅक्सीवाल्यानं फोन करून विचारलं, माकोला ताप आलाय का. पण दहा वाजता समितीची बैठक भरली तेव्हा दारात मक्याच्या बाजारातल्या पंचवीस बायका उभ्या होत्या, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला दुफिए मावशी एकच विचारत होती, वही बघितली का? साहेबांना वही मागवावी लागली. अचिया सिस्टर राहिली. दोन महिन्यांनी तिच्या हाताखाली आणखी एक नर्सही आली.

शुक्रवारी मी धुरावलेली मासळी घेऊन मावशीकडे गेलो. तुम्ही नसता तर मी त्या बाईचं आयुष्य मोडलं असतं, असं म्हणालो. आणखी खूप बोलणार होतो. मावशीनं मासळी हुंगून बाजूला ठेवली आणि किती हवाय विचारलं. दोन डबे, म्हणून मी पिशवी पसरली.

ती थांबली. "डबा?"

"मावशी, तुमचा डबा मी बघायचा?"

"का? तुला चार शब्द शिकवले म्हणून माझा तळ सरळ झाला का?"

सगळ्या बाजारासमोर तिनं मला डबा उपडा करायला लावला. तळ सरळच होता. त्यानंतर अनेक वर्षं मी तिच्याकडून मका घेतला आणि दरवेळी डबा बघितला. न बघता घेतलेला एकही दाणा तिनं माझ्या पिशवीत पडू दिला नाही. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुलामुलींनाही मी पहिल्या दिवशी बाजारात न्यायचो, तिच्याकडे.

मावशी जाऊन आता दोन वर्षं झाली. बाकड्यावर तिची लेक बसते, डबा तोच आहे. मावशी गेल्यानंतर मी पहिल्यांदा मका घ्यायला गेलो तेव्हा लेकीनं डबा माझ्यापुढे धरला. डोळे भरून आले होते, नीट दिसत नव्हतं. तरी मी तो उपडा केला, टिचकी मारली आणि आतून हात फिरवून बघितला.