नाझियाचा उजळवलेला फ्लेक्स

११ जानेवारी. काम एकच होतं: पेणला उतरायचं, फ्लेक्स ताब्यात घ्यायचा आणि संध्याकाळच्या आत तो रोह्याला रुखसानाच्या घरी पोचवायचा. वाटेत खाडी दिसली, काही चांगलं खायला मिळालं, तर ते वरचं.

रुखसाना माझी जुनी सहकारी. चिंचवडच्या एका लॅबमध्ये आम्ही दोघी बारा वर्षं शेजारच्या टेबलांवर रक्त तपासत बसायचो. पुढे आईच्या आजारपणासाठी ती गावी रोह्याला परतली आणि तिथेच राहिली. ती सिद्दी. ज्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आले आणि इथलेच झाले, त्या लोकांपैकी. तिची मुलगी नाझिया डिप्लोमा करून रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागली होती आणि आता तिथली पहिली बाई शिफ्ट-इनचार्ज झाली होती. बारा तारखेला संध्याकाळी रोह्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तिचा सत्कार ठरला होता. ‘फ्लेक्स माझ्याकडून’ असं मी फोनवर परस्पर जाहीर केलं. परस्पर जाहीर करण्याची मला सवय आहे.

मजकूर रुखसानाच्या भावाने पाठवला होता: ‘सिद्दी समाजाची कन्या, धाटावची पहिली महिला शिफ्ट-इनचार्ज’. मी त्यातली पहिली ओळ खोडली आणि ‘रोह्याची गुणी कन्या’ असं केलं. मी जातपात मानत नाही, वंश तर त्याहून नाही. मला माणसाचा रंग दिसतच नाही, हे मी लॅबमध्ये कितीदा तरी सांगितलं होतं. रुखसाना समोर असली की जरा जास्तच.

खोपोलीचा घाट उतरून एसटी पेणला आली तेव्हा ऊन चढलं होतं. पुण्याकडून येताना पेण वाटेत लागतं, म्हणून फ्लेक्सची ऑर्डर इथे दिली होती. दुकान गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत होतं. गणेशोत्सवाला अजून किती महिने, पण इथे फळ्यांवर गणपतींच्या रांगा लागलेल्या. सगळे कच्चे, पांढरेफटक. एका कारखान्यात एक बाई ओळीने फक्त सोंडा घासत होती. मी थांबून बघायला लागले तर म्हणाली, “बुकिंग करायचंय का गो ताई?” नाही म्हटल्यावर तिने मान फिरवली आणि पुढची सोंड घेतली. मला अशी माणसं आवडतात.

फ्लेक्सवाला सुदाम पन्नाशीचा, जाडजूड. त्याच्या कॉम्प्युटरवर नाझियाचा फोटो उघडाच होता, कंपनीचं पिवळं हेल्मेट घातलेला.

“जरा उजळ करू ना?” त्याने विचारलं.

“म्हणजे?”

“सगल्यांनाच करतो मॅडम. नाय केला तर छापून अजून काला येतो, मग लोक माझ्या नावानं ओरडतात.” त्याने एक बटण दाबलं. नाझिया एकदम लख्ख झाली. अजून एकदा दाबलं. आता ती कुठल्याही साबणाच्या जाहिरातीत खपली असती.

“हां, प्रसन्न दिसतेय,” मी म्हणाले.

हे मी म्हणाले. पुढे जे घडलं त्यात सुदामवर ढकलायला मला हे वाक्य फार आडवं आलं.

फ्लेक्स गुंडाळून त्याने दोऱ्याने बांधून दिला. गुंडाळी माझ्यापेक्षा उंच. रोह्याच्या एसटीत ती उभी ठेवली तर छताला लागे, आडवी ठेवली तर तीन सीट मागे बसलेल्या आजोबांच्या कानाला. कंडक्टर दोनदा आला. “बाई, तुमची तोफ आवरा.” आजोबांनी मात्र तिचं टोक मांडीवर घेतलं आणि वडखळपर्यंत बाळासारखं सांभाळलं. वडखळच्या पुढे उजव्या हाताला धरमतरच्या खाडीकडची सपाट जमीन पसरलेली, मिठागरांचे चौकोन उन्हात चमकत होते. बघायला मान वळवली की गुंडाळी घसरायची. त्यामुळे त्या भागाचं वर्णन मी याहून जास्त करू शकत नाही.

रोह्याला रुखसाना स्टँडवर आली होती. “वजन वाढलंय गो तुझं, विजू,” हे तिचं स्वागत. तिचं घर कुंडलिकेच्या बाजूला, मागे थोडी वाडी. तिथे पोपटीची तयारी चालली होती. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला (शेतात आपोआप उगवणारं एक उग्र वासाचं झुडूप) घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. मी शेंगा निवडायला बसले आणि निम्म्या चांगल्या शेंगा कचऱ्यात टाकल्या. रुखसानाने त्या वेचून परत घेतल्या.

जाळ पेटला तेवढ्यात नाझिया स्कूटरवरून आली. हेल्मेट काढलं, सलाम केला, हात धुतले. मी तिला लहान असताना पाहिलं होतं. आता उंच, खांदे रुंद, केस बारीक कुरळे आणि मोकळे सोडलेले. मी म्हणाले, “ये, तुझा फ्लेक्स बघ.” आणि अंगणात गुंडाळी सोडून ढकलली. ती घरंगळत उलगडत गेली आणि नाझियाच्या पायाशी थांबली.

नाझिया वाकली. फ्लेक्सवरच्या चेहऱ्यावर तिने बोट ठेवलं.

“मावशी, ही कोण?”

मला वाटलं चेष्टा करतेय. मी हसले. कोणीच हसलं नाही.

“अगं, छपाईत जरा...”

“छपाईत काळं येतं मावशी, गोरं नाय येत.”

रुखसाना पदराला हात पुसत आली. तिने चेहरा बघितला, मग वरची ओळ वाचली. “सिद्दी कुठे गेलं?”

“मी काढलं,” मी म्हणाले. अजूनही मला आपण बरोबर आहोत असं वाटत होतं, हे लिहून ठेवते. “कशाला ते लेबल? तिने स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलंय. माणूस बघावा. तुला माहितीय, मला रंग दिसत नाही.”

“रंग दिसत नाय,” नाझिया म्हणाली, “मग उजळ कुठला करायचा ते कसं दिसलं?”

माझ्याकडे साधारणपणे सगळ्याला उत्तर असतं. मी म्हणाले, “तो सुदाम सगळ्यांनाच करतो.”

“सुदाम नाय आलाय माझ्या सत्काराला. तुम्ही आलायत.”

मग ती बोलायला लागली, आवाज न चढवता. शाळेत गॅदरिंगच्या नाचात तिला कायम मागच्या ओळीत उभं करायचे. कंपनीत पहिल्या दिवशी गेटवरच्या माणसाने तिला इंग्रजीत विचारलं, कुठल्या देशाची. “मी म्हटलं, रोह्याची हाय, भाऊ. तो म्हणाला, नाय, मूळची. म्हटलं, मूळचीपण रोह्याची. माझ्या पणजोबांच्या बापाची कबर इथं हाय, तुमच्या पणजोबांची कुठं हाय ते सांगा.” आता तोच माणूस तिला बघून उभा राहतो. “मावशी, चौकात एवढे फ्लेक्स लागतात. वाढदिवस, निवडणूक, बारसं. आजवर एकावरपण आमच्यासारखा चेहरा मी बघितला नाय. उद्या मुरूडकडनं दुसऱ्या मामाच्या मुली येणार, चौथी-पाचवीतल्या. त्यांनी बघावं म्हणून मी हो म्हटलं होतं. नायतर मला हार-नारळाची काय हौस? आणि त्यांना दिसणार ही.” तिने पायाने फ्लेक्सचा कोपरा दाबला. “ही लागणार असेल तर मी येत नाय.”

रुखसाना माझ्या बाजूने काहीतरी बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, “बारा वर्षं एका डब्यातलं खाल्लं आपण. तू मला एकदा तरी विचारलंस का, सिद्दी म्हणजे काय, तुमच्यात काय असतं?”

“मला वाटलं, विचारणं बरं दिसत नाही.”

“का बरं दिसत नाय? मी काय आजारी होते?”

तेवढ्यात मडक्यातून फटफट आवाज आला आणि रुखसानाचा भाऊ ओरडला, “झाली गो, बघा, करपेल!” पोपटी कोणाच्या भांडणासाठी थांबत नाही. बसायला सतरंजी कमी पडली. रुखसानाने फ्लेक्सचं एक टोक उचललं, दुसरं भावाला धरायला लावलं, आणि दोघांनी तो उलटा करून जमिनीवर अंथरला. नको असलेला फ्लेक्स या भागात वाया जात नाही. सरपणावर, सुकटीखाली, गळक्या पडवीवर, कुठेतरी लागतोच. आम्ही सगळे माझ्या शुभेच्छांवर मांडी घालून बसलो. शेंगा मऊ, धुरकट आणि अप्रतिम झाल्या होत्या. मी भरपूर खाल्लं. अपमानाने माझी भूक कधी कमी होत नाही, हे मला आधीपासून माहीत होतं.

जेवताना मी विचारलं. उशिरा का होईना. रुखसानाने सांगितलं की तिचे वडील लहानपणी तिला मुरूडला नेऊन समुद्रातल्या किल्ल्याकडे बोट करून म्हणायचे, हा सांभाळणारे आपले लोक होते, मान खाली घालून चालू नकोस. आपला रंग इथल्या उन्हात टिकतो, बाकीचे रापतात, असंही म्हणायचे. मी तिला विचारलं, मग लॅबमध्ये हे कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, “तू म्हणायचीस ना, तुला दिसत नाय. न दिसणाऱ्या माणसाला काय दाखवायचं?”

मग मी जे मला येतं ते केलं. कामाला लागले. हात धुऊन सुदामला फोन लावला. मूळ फाईल त्याच्याकडे होती आणि तो सकाळी लवकर दुकान उघडायला तयार झाला, एवढंच पाहिजे होतं. फोनवर तो म्हणाला, “किती काला ठेवू मॅडम? अंदाज सांगा.” चार हातांवर बसलेल्या मुलीचा रंग मला सांगता येईना. काळी म्हणायला जीभ रेटेना. जणू मी शिवीच देणार होते. सावळी म्हणणं खोटं होतं.

नाझिया शेंग सोलत म्हणाली, “काळी म्हणा मावशी. काय होत नाय.”

“काळी,” मी फोनमध्ये म्हणाले. काय झालं नाही.

“पण किती?” सुदाम.

“मीच येते तिकडे,” नाझिया म्हणाली. “उद्या माझी सुट्टी हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नाझिया दिव्याला जाणाऱ्या रेल्वेने पेणला गेलो. रोह्याहूनच गाडी सुटते, त्यामुळे खिडकी मिळाली. मिठागरं या खेपेला नीट दिसली, पण मी बघत होते नाझियाच्या हाताकडे. खिडकीच्या दांड्यावर ठेवलेला. उन्हात त्यावर तांबूस झाक होती, बोटांच्या पेरांवर जास्त गडद. बारा वर्षं मी तिच्या आईच्या हातातून नळ्या घेतल्या होत्या आणि हे काही मी कधी पाहिलेलं नव्हतं. न बघण्याला मी इतकी वर्षं सज्जनपणा समजत होते. किती आरामाचा सज्जनपणा, काही करावंच लागत नाही.

सुदाम आधी जरा नाराज होता. “नवरदेव असो, नगरसेवक असो, वारलेला माणूस असो, मी सगल्यांना उजळतो. उजळ का केला म्हणून परत येणारे तुम्हीच पयले.”

“मग लिहून ठेव काका,” नाझिया म्हणाली. “पयली महिला.”

त्याला हसू आलं. त्याने मूळ फोटो उघडला, फ्लेक्सच्या एका तुकड्यावर पट्टी छापली. नाझियाने तिच्यावर हात ठेवला. पट्टी राखेसारखी आली होती. दुसरी छापली, तिच्यात लाल जास्त. “तांबडा कमी करा,” मी म्हणाले. “आणि अजून गडद. अजून.” रंग न दिसणारी बाई सुदामच्या खुर्चीमागे उभी राहून रंगावरून हुज्जत घालत होती. शेवटी एका पट्टीवर नाझियाने हात ठेवला आणि हाताची कड कुठे संपते ते कळेना. “हां. ही मी,” ती म्हणाली. वर ‘सिद्दी समाजाची कन्या’ आलं, तेही तिने एक आकार मोठं करून घेतलं.

“खाली शुभेच्छुक कोण?” सुदामने विचारलं. पहिल्या फ्लेक्सवर मी कोणाचंच नाव घातलं नव्हतं.

“विजयामावशी,” नाझिया म्हणाली. “फोटोसकट. अम्मीने सांगितलंय.”

मी मोबाईलमधला एक फोटो दिला. सुदामने तो गोलात बसवला आणि सवयीने बटण दाबलं. पडद्यावर एक तुकतुकीत, गोरीपान, दहा वर्षांनी लहान बाई आली. मला ती चांगलीच आवडली.

सुदाम माझ्याकडे बघत थांबला. नाझिया पडद्याकडे बघत होती.

“मूळ ठेवा,” मी म्हणाले.

त्याने बटण मागे घेतलं. नेहमीची मी परत आले.

“डोळ्यांखालचं तेवढं...”

“मावशी!”

“बरं. छापा.”