उकिरड्यावरचं लोणी

पहिला फटका मनगटावर बसला. दुसरा कानावर. कानात नुसता घों घों आवाज. मालकिणीच्या हातात रवी होती, ताकानं निथळत.

"तुह्या जातीच्या हातानं माह्या घरचं लोनी निघन?"

केळापूरजवळच्या त्या गावात दहा वर्षं मी त्यांच्या गोठ्यात राबले. शेण मी काढायचं, म्हैस मी धुवायची. धार मालकीण काढायच्या. दुधाला माझा हात चालत नव्हता.

त्या दिवशी त्या वणीला लग्नाला गेल्या होत्या. नवी सून एकटीच डेऱ्याशी झटत होती. तासभर दोरी ओढून तळहात सोलले, लोणी येईना. रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, तुमाले येते का हो?"

येत होतं. आईनं शिकवलं होतं. मी हात धुतले. दही उन्हानं कोमट झालं होतं, त्यात माठातलं गार पाणी ओतलं. दोरी सावकाश, एका लयीत ओढली. रवी जड लागली तशी थांबले. पांढरे कण गोळा होऊन वर आले. सून हसली.

तेवढ्यात मालकीण दारात.

त्यांनी सुनेला विचारलं, "कोनं सांगतलं हिले?"

सून खाली बघत बोलली, "मी नाई. हिनंच हात घातला."

मालकिणीनं डेरा उकिरड्यावर उपडा केला. माझे केस धरून मला तिथवर फरफटत नेलं. मान दाबली. "चाट! चाट आन् मंग घरी जाय!"

शेण, ताक, माती. ओठांना लागलं. घशात गेलं.

रवी पुन्हा वर गेली. मी ती धरली. हिसकावली. गुडघ्यावर घालून मोडली. मालकीण भिंतीला जाऊन टेकल्या. त्यांचं डोकं फोडावं असं वाटलं. आजही वाटतं. दांडा त्यांच्या पायाशी फेकला.

"मले हात लावून पाह्य आता," मी म्हटलं.

त्याच शेणानं भरलेल्या तोंडानं मी ठाण्यात गेले. पुसलं नाही. लिहून घेईपर्यंत उठले नाही.

गावातली मोठी माणसं दोनदा घरी आली. "मालकीन मापी मांगते म्हनते. मिटवून टाक."

"नाई मिटवत," मी म्हटलं.

डावा कान गेला. दुसऱ्या गोठ्यांतही मला काम मिळत नाही. नसू दे. कोर्टात उभी राहून मी सगळं सांगणार आहे, एक शब्द न गाळता. सुनेलाही तिथं यावं लागेल. तिनं माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलून दाखवावं.