जैतूनचाचींचा गज

जैतूनचाची कुठेही बसण्याआधी ती जागा मुठीने दाबून बघत. खुर्ची असो, रिक्षाची सीट असो, दवाखान्यातलं बाकडं असो. मूठ दाबायच्या, सोडायच्या आणि मग निकाल द्यायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पेशंटला झोपवायच्या माझ्या टेबलावरची गादी अशीच दाबत उभ्या होत्या.

“ही मेलीय की,” त्या म्हणाल्या. “हिच्यावर धडधाकट माणूस झोपलं तर आजारी पडंल. कुणी भरली?”

“फोम आहे,” मी म्हणाले.

“तेच म्हणते मी.”

मला नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. चाचींचा उजवा खुबा दुखायचा, म्हणून त्यांचा मुलगा सलीमभाई सोबत आला होता. शहरातल्या विजापूर वेशीजवळच्या एका बोळात त्यांचा गाद्यांचा कारखाना होता. मुलगा कापूस पिंजायचं यंत्र चालवायचा, चाची गाद्या शिवायच्या. चाळीस वर्षं त्या गादीवर मांडी घालून बसत आणि टाके घालत पुढे सरकत आल्या होत्या.

खुब्याचं दुखणं पुष्कळदा जांघेत जाणवतं आणि मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं, हे मला पाठ होतं. पण माझं सगळं शिक्षण इंग्रजीतलं. साठीच्या बाईसमोर तो मराठी शब्द उच्चारायला माझी जीभ उचलेना. मी हळूच विचारलं, “ग्रॉइनमध्ये दुखतं का?”

सलीमभाईंना तो शब्दच कळला नाही. चाचींना मात्र माझी नजर कुठे गेली ते कळलं.

“जांघेत, असं म्हण की. तितंच दुखतं. शब्द हाय त्यो बेटी, शिवी न्हाय.”

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांधा बराच झिजल्याचं सांगितलं होतं. कधीतरी बदलावा लागेल. पण कधी, ते फोटोवरून नाही, तुमच्या रोजच्या जगण्यावरून ठरवू, असं ते म्हणाले होते. शिवाय, बदलल्यावर मांडी घालून किंवा उकिडवं बसायचं नाही, हेही त्यांनी बजावलं होतं.

“मॅडम, कधीतरी कशाला?” सलीमभाई म्हणाले. “एकदाचं करून टाकू.”

“करून टाकायला ते काय वायरिंग हाय?” चाची म्हणाल्या. “खाली बसायचं न्हाय म्हणजे मी शिवायचं कुटं, झाडावर?”

त्या हसल्या, पण हात मांडीवर घट्ट दाबलेला होता. त्यांना भीती कापाकापीची नव्हती. जमीन सुटेल, ही होती.

मग आमचं काम सुरू झालं. व्यायाम, थोडं वजन उतरवणं, औषधाच्या दुकानातून मनाने आणलेल्या गोळ्या बंद करून डॉक्टरांनी लिहिलेल्या तेवढ्याच घेणं. मी काठी सुचवली. दुसऱ्या वेळी त्या कापड मोजायचा लोखंडी गज टेकत आल्या. चाची चांगल्या उंच. तो त्यांच्या हाताला बरोबर येत होता. वरच्या टोकाला त्यांनी चिंध्या गुंडाळून मूठ केली होती.

“काठी घेतली की लोक म्हातारी म्हणत्यात,” त्या म्हणाल्या. “गज असला की मालकीण.”

गज त्यांनी दुखऱ्या उजव्या बाजूला धरला होता. तो डाव्या हातात घ्या, असं मी सांगितलं. त्यांना ते उलटं वाटलं, पण चार पावलं टाकली आणि थांबल्या. “अगं, खरंच की.” मी गजाच्या खालच्या टोकाला रबरी टोपण बसवून दिलं. बाकी माझं बोलणं त्यांना कधीच पुरत नसे. “तू मनात बोलतीस आन मला कानानं ऐकायला लागतं,” त्या म्हणायच्या.

काम करताना त्या कशा बसतात ते बघायला एकदा मी कारखान्यात गेले. मंद्रूपचा एक शेतकरी जुनी गादी घेऊन आला होता, त्याला नवी हवी होती. चाचींनी शिवण उसवली, आत हात घातला, मूठभर कापूस काढून दोन्ही हातांनी हलकेच ताणला. त्यातून तंतू निघाला. “न्हाय भाऊ, जीव हाय ह्यात अजून. पिंजून घ्या.” मग कोपऱ्यातली दुसरी गादी दाखवून मला म्हणाल्या, “तिचा बघ.” तो कापूस ताणला तर त्याची भुकटी झाली. “ह्याला कितीबी पिंज. निस्ती धूळ उडंल.” गिऱ्हाईक गमावून खरं सांगणारा माणूस मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

त्याच दिवशी दोन तख्तांवर गादी चढवून उभ्याने शिवायची सोय झाली. “बसून शिवणं म्हणजे घोडा चालवणं,” त्या कुरकुरल्या. “हे म्हणजे घोडा धुणं.” पण शिवत राहिल्या.

दुखणं शून्य ते दहा आकड्यांत लिहायचा छापील तक्ता मी त्यांना दिला होता. तो त्यांनी कोराच परत केला. “ह्यात मी कुटं हाय?” त्याऐवजी त्यांनी गादी शिवायचा जाड दोरा खिळ्याला टांगला. झोप सलग झाली तर सकाळी बोटभर दोरा मोकळा सोडायचा. दुखण्याने जाग आली तर गाठ मारायची.

दीड वर्षाने एके दिवशी त्या एकट्याच रिक्षाने आल्या आणि तो दोरा माझ्या टेबलावर पसरला. मी एका टोकापासून बोट फिरवत गेले. सुरुवातीला गाठी दाट. मग लांब लांब मोकळा दोरा, कुठेतरी एखादी गाठ; ते आमचे चांगले महिने होते. मग गाठी पुन्हा जवळ येत गेल्या. शेवटच्या वीतभर दोऱ्यात बोट टेकायला जागा नव्हती.

“चप्पल सरकवायला सुनेला हाक मारते,” त्या खाली बघत म्हणाल्या. “सांग आता. पिंजायचं का बदलायचं?”

“मोठ्या डॉक्टरांना—”

“त्यांना विचारीनच की. दीड वरीस हात तू लावलायस. मी गिऱ्हाइकाला सांगते तसं सांग.”

बाहेर बाकड्यावर चार पेशंट ऐकत होते. मी म्हणाले, “चाची, जेवढं पिंजता येत होतं तेवढं आपण पिंजलं. आता बदला. मांडी घालणं जाईल. ते परत मिळेल असं मी सांगणार नाही.”

त्यांनी गादीवर मूठ दाबली, सोडली. “जायाचं काय ऱ्हायलंय? ते कवाच गेलं. मीच सोडंना झाले होते.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “एवढं मोठ्यानं बोलता येतं तुला? दीड वरीस कुटं ठेवलं होतंस?”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी गादी तख्तावरून जमिनीवर घ्यायला लावली, असं सलीमभाईंनी मला नंतर सांगितलं. पाय जमेल तसा दुमडून एक बाजू बसून शिवली. अख्खी दुपार गेली, उठवायला दोघं लागली.

“रडल्या का?” मी विचारलं.

“रडतीय कुठली. एक टाका वाकडा आला म्हणून उसवायला लावला.”

तीन महिन्यांनी चाची दवाखान्यात आल्या. गज काखेत होता. त्यांनी त्याचं रबरी टोपण ओढून काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि गज माझ्या टेबलावरच्या गादीवर आडवा टाकला. एकदा, दोनदा, वर चार बोटं.

“कापूस भरू,” त्या म्हणाल्या. “फोम नक्को.”

रुंदी मोजायला त्यांना टेबलाच्या पलीकडे जायचं होतं. मी कडेला सरकले. त्या कशालाही न धरता वळसा घालून गेल्या. सवयीने मी पावलं मोजली. सात होती, सातही सारखी.