उठावबाईंचे दोन तारे

अंध मुलांची पुस्तकं काढणाऱ्या छापखान्यात त्यांना सगळे उठावबाई म्हणत. पुस्तकातलं चित्र बोटांना लागेल असं उठवून द्यायचं, हे त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. पुठ्ठ्यावर दोरा, मणी, पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवून साचा करायचा. त्यावर प्लास्टिकचा कागद तापवून यंत्रानं ओढला की उठाव उमटे. नकाशे, फुलं, बेडकाचं हृदय, सगळं त्यांच्या हातून गेलं होतं. आता मनगटानं संप पुकारला होता. सात महिन्यांनी निवृत्ती आणि मग हेच काम कॉम्प्युटर करणार होता. त्याचं वाईट वाटायचं, पण फार वेळ वाईट वाटून घ्यायचंही त्राण नव्हतं.

नववीच्या विज्ञानाचा शेवटचा धडा ताऱ्यांच्या मरणावर होता. त्यात हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या दोन ताऱ्यांच्या अवशेषांचे फोटो. बाईंनी एक नजर टाकली, कंपासनं दोन गोल आखले, कडेनं पिंजलेला दोरा लावला आणि दोन्हींच्या मधोमध मोहरीचा एकेक दाणा चिकटवला. मजकूर वाचायची सवय कधीच सुटली होती.

तपासायला मास्तर येत. जन्मापासून दिसत नसलेले, गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या बोटांखालून गेल्याशिवाय एकही पान छापलं जात नसे.

"बाई, तुम्ही एकच चित्र दोनदा दिलंत."

"दोन आहेत, मास्तर."

"मग फरक कुठाय?"

बाई सकाळपासून उभ्या होत्या. मनगट ठणकत होतं. "एवढं बारकाईनं कोण बघणार आहे?" त्या बोलून गेल्या आणि लगेच जीभ चावली.

मास्तरांची बोटं थांबली नाहीत. "मी बघितलं की," ते म्हणाले. "बसा. धडा वाचून दाखवा."

बाईंनी खुर्ची ओढली आणि कंटाळलेल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. पहिला तारा सूर्याच्या कितीतरी पट वजनदार होता. इंधन संपलं तसा त्याचा गाभा स्वतःच्याच भारानं आत कोसळला, बाहेरचे थर उधळले गेले. मागे एक घट्ट गोळा उरला, तोही धक्क्यानं मधून बाजूला सरकलेला. अवशेषाचा आकार वेडावाकडा, एका अंगाला फाटलेला. दुसरा तारा आधीच विझून लहानसा, दाट झालेला होता. शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेता घेता अखेर सगळाच्या सगळा फुटला. त्याचं कवच बरंचसं गोल. आत काहीच नाही.

"म्हणजे उरलेल्या पसाऱ्यावरून तारा कसा होता ते ओळखायचं," मास्तर म्हणाले. "आणि आपण पोरांना दोन सारखे पसारे देतोय."

बाईंनी दोन्ही पानं आपल्याकडे ओढून घेतली. मग त्यांनी विचारलं, "आपला सूर्य यातला कुठला?"

"कुठलाच नाही. तेवढं वजन नाही त्याच्यात. फुगेल, वरचे थर हळूहळू सोडून देईल आणि उरलेला निवत बसेल."

"बरं आहे. दगदग नाही."

मास्तर मोठ्यानं हसले.

नव्या साच्यांना तीन दिवस लागले. पहिल्याची कड बाईंनी मुद्दाम ओबडधोबड केली, एका बाजूनं दोरा उसकटून लांब ओढला, दाणा मधून जरा सरकवला. ते जमलं. अडलं दुसऱ्याशी. कड गोल, नितळ झाली; पण मास्तरांनी मधल्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

"इथे काहीतरी उरलंय."

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. गोंदाचा वाळलेला टिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. त्यांना रडायलाच आलं. काही असलं तर चिकटवता येतं. काहीच नसलेलं कसं करायचं हे अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. टिपका खरवडला तर ओरखडा उमटला. शेवटी कोऱ्या पुठ्ठ्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शुक्रवारी मास्तरांपुढे दोन्ही पानं ठेवली. कुठलं कोणतं ते सांगितलं नाही.

त्यांनी पहिलं चाचपलं. "हा भारी होता. आत खचला, मग फुटला. हे त्याचं उरलेलं." दुसऱ्यावरून त्यांचा तळवा सावकाश फिरला, मधे येऊन थांबला. "हा पुरताच गेला." बराच वेळ त्यांनी हात उचलला नाही. मग तपासल्याचा शिक्का दोन्ही पानांच्या मागे उठवला.

बाई बोटांवरचा गोंद सोलत बसल्या.

घरी जावेनं गरम पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं. दोघी विधवा, गेली नऊ वर्षं एका घरात राहणाऱ्या. बाईंनी मनगट पाण्यात सोडलं.

"झालं का एकदाचं ते तुमचं?"

"झालं. दोन तारे फोडले."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी सातवीच्या पुस्तकातली आतडी," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.