निळ्या चिठ्ठीचे पिंजरे

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. संस्थेत त्यांच्यावर बोलायला मोठी माणसं आली होती आणि ती चांगलं बोलली. बाईंच्या शोधाबद्दल बोलली, तो शोध त्यांनी स्वतःच मागे घेतला त्याबद्दलही जपून बोलली. कापसाचं मात्र कुणी बोललं नाही. तो विषय माझा होता आणि मी शेवटच्या रांगेत गप्प बसलो होतो. सभा संपल्यावर बाईंची शेवटची विद्यार्थिनी, जिला आम्ही सगळे शेंडेफळ म्हणायचो, माझ्यापाशी येऊन म्हणाली, "मामा, बोलला नाहीत ते नाहीत, निदान लिहून तरी ठेवा." कितपत जमेल ठाऊक नाही, पण तिला हो म्हटलं होतं.

मी संस्थेच्या उंदीरघरात एकतीस वर्षं काम केलं. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, खाद्य-पाणी द्यायचं, वजनं घ्यायची. लहान मुलं उंदराला उंदीरमामा म्हणतात, तेवढ्यावरून मी सगळ्यांचा मामा झालो. बाई आल्या तेव्हा तिशीच्या असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "यांतले खरे मामा कोण, तुम्ही की ते?" मला उत्तर सुचलं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा ते सांगण्यात काही अर्थ नव्हता.

उंदीरघरात शिरताना त्या मनगटावरचं घड्याळ काढून बाहेर ठेवत. टिकटिकीचाही उंदरांवर परिणाम होत असेल तर तो नको, असं त्यांचं म्हणणं. इतक्या काटेकोर बाईच्या कामात जी चूक झाली ती माझ्या हातून झाली.

त्यांचा विषय म्हातारपण. शरीर म्हातारं होतं म्हणजे पेशीच्या आत नेमकं काय होतं, हे त्यांना शोधायचं होतं. मला त्यांनी माझ्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा दाखवून समजावलं होतं. "मामा, प्रत्येक पेशीत सगळं घर असतं, पण प्रत्येक खोली उघडी नसते. काही दारांना कुलपं असतात. वय वाढतं तशी नको त्या दारांना कुलपं लागतात आणि नको ती दारं उघडी पडतात. रक्ताच्या थेंबातली ही कुलपं मोजली की मला उंदराचं वय सांगता येतं, त्याची जन्मतारीख न बघता."

"माझंही सांगता येईल?" मी विचारलं.

"तुमचं नको. तुम्ही सुट्टी मागाल."

या विषयामागे त्यांच्या घरातली गोष्ट होती. त्यांची आई आणि मावशी जुळ्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. घरची ओढाताण होती म्हणून मावशीला लहानपणी तीन वर्षं दूरच्या नातेवाइकांकडे ठेवलं होतं आणि तिथे तिला पोटभर खायला मिळत नसे. पुढे आई पंचावन्नाव्या वर्षीच म्हातारी दिसू लागली आणि साठीला गेली. मावशी मात्र ऐंशीलाही जिने चढायची. बाईंनी आईचं दुखणं काढलं होतं. लहानपणीची थोडी उपासमार शरीर जन्मभर लक्षात ठेवतं आणि म्हातारपण लांबवतं का, हा त्यांचा प्रश्न होता. शास्त्रात तो बसत होता, पण आला होता घरातून.

प्रयोग सांगायला सोपा होता. पिल्लं आईपासून तोडली की निम्म्यांना तीन महिने कमी खाद्य द्यायचं, त्या पिंजऱ्यांना निळी चिठ्ठी. उरलेल्यांना भरपूर, त्यांना पिवळी चिठ्ठी. तीन महिन्यांनंतर सगळ्यांना सारखंच, आणि मग ती म्हातारी होईपर्यंत अडीच वर्षं वाट बघायची. असं तीन वेळा केलं. तिन्ही वेळा निळे उंदीर त्यांच्या वयापेक्षा तरुण निघाले. बाईंचा निबंध छापून आला, ठिकठिकाणची बोलावणी आली. त्या प्रत्येक वेळी परत आल्यावर आधी उंदीरघरात येत आणि म्हणत, "काय म्हणतात निळे?"

बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. तोच प्रयोग केला, फरक दिसला नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, घाईने केला असेल. पण त्याच सुमारास शेंडेफळचाही प्रयोग संपत आला होता. तिने नव्या इमारतीत स्वतंत्र उंदीर ठेवले होते आणि त्यांचं सगळं ती स्वतःच्या हाताने करायची. तिच्याही निळ्या-पिवळ्यांत फरक निघाला नाही.

आता दुसरी प्रयोगशाळा चुकली म्हणता येत नव्हतं, म्हणून मग शेंडेफळ चुकली असं ठरू लागलं. बाईंनी तिला सगळं पुन्हा मोजायला लावलं. तिने मोजलं. पुन्हा लावलं. चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, "काहींच्या हाताला गुण नसतो." ती कप तसाच ठेवून उठली. संध्याकाळी मागच्या जिन्यात बसलेली दिसली.

"काय गं?"

"काही नाही, मामा. दुसरीकडे जावं म्हणते. इथे माझे हात वाईट ठरलेत."

दुसऱ्या दिवशी एक तराजू पोचवायला मी तिच्या उंदीरघरात गेलो. सगळे पिंजरे पाहिले. निळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांत घरट्यासाठी कापूस होता, नियमाप्रमाणे एकेक तुकडा, पिवळ्यांत होता तेवढाच. मी तिथेच उभा राहिलो. तराजू हातात जड झाला तरी खाली ठेवायचं भान राहिलं नाही.

माझ्या निळ्या पिंजऱ्यांत कापूस जास्त असायचा. पहिल्या वेळची ती अर्धपोटी पिल्लं कुडकुडायची, एकमेकांखाली शिरायची. मी एक चिमूट जास्त घातली. पुढे पोटभर खायला लागली तरी हात तसाच जात राहिला. वर्षानुवर्षं, एकाही निळ्या पिंजऱ्यात न चुकता. खाद्याचा ग्रॅम न् ग्रॅम लिहिला जायचा. कापसाला कोण विचारतो?

मी आठ दिवस गप्प राहिलो. हे मला लिहिलंच पाहिजे. बाईंचं सगळं आयुष्य एका बाजूला होतं आणि त्या मुलीचे हात दुसऱ्या बाजूला. मी मनाला सांगत होतो की चिमूटभर कापसाने काय होतंय. पण काही होत नाही याची खात्री असती तर मी सांगून मोकळा झालो असतो.

नवव्या दिवशी बाई स्वतः आल्या. घड्याळ बाहेर काढून ठेवलं आणि स्टूल ओढून बसल्या.

"मामा, मला तुमचं काम बघायचंय. पहिल्यापासून. मी इथे नाहीच असं समजा."

"सगळं?"

"सगळं. हात धुता तेही."

मी हात धुतले. पिवळा पिंजरा काढला, भुसा बदलला, पाणी भरलं, कापसाचा तुकडा ठेवला. त्या लिहून घेत होत्या. मग निळा काढला. भुसा, पाणी, कापसाचा तुकडा. तिथे थांबता आलं असतं. तसं केलं असतं तर बाईंनी वही मिटली असती आणि दोष त्या मुलीवर कायम राहिला असता. मी पिशवीत हात घातला, चिमूट काढली आणि निळ्या पिंजऱ्यात ठेवली.

बाईंचं पेन थांबलं.

"हे काय?"

"कापूस."

"ते दिसतंय. रोज घालता?"

"भुसा बदलताना. दर खेपेला."

"पिवळ्यांना?"

"नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, बाई."

उंदराने तो कापूस ओढून नेला, पिंजला आणि त्यात शिरून दिसेनासा झाला. ऊब मिळाली की उंदराची अंग गरम ठेवण्याची मेहनत वाचते, हे त्यांना मला सांगायची गरज नव्हती आणि मला त्यांना. त्या उठल्या. दाराशी जाऊन म्हणाल्या, "मी घड्याळ बाहेर ठेवत होते, मामा." आणि ते न घेताच गेल्या. मी नंतर त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर शेंडेफळची माफी मागितली. आढेवेढे घेतले नाहीत. पुढच्या महिन्यात निबंध मागे घेतला. वरिष्ठांनी सुचवलं होतं की कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे असं लिहावं. बाईंनी छापलं ते असं : एका गटाच्या पिंजऱ्यांत कापूस जास्त होता. ज्याने घातला त्याने तो लपवला नव्हता, आम्ही त्याला कधी विचारलं नव्हतं. त्या पानाची प्रत माझ्या कपाटात आहे. आठ दिवस मी लपवलं होतं, हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी असते तर महिना लावला असता."

नवा प्रयोग शेंडेफळने सुरू केला. चार गट, उपाशी आणि पोटभर, जास्त कापूस आणि कमी कापूस. बाई मध्येच निवृत्त झाल्या आणि नंतर आजारी पडल्या. निकाल आला तेव्हा त्या घरीच अंथरुणावर होत्या. मी आणि शेंडेफळ गेलो. नव्वदीची मावशी उशाशी बसून त्यांच्या पायांवर शाल घालत होती.

शेंडेफळने कागद वाचला. उपासमारीने काही फरक नाही. कापसाने थोडा आहे.

"किती थोडा?"

"मोजता येईल एवढा."

बाई मावशीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस? तुझ्या उपासाचा काही उपयोग झाला नाही."

"उपास होता खरा," मावशी म्हणाली, "पण निजायला जागा छान होती. भट्टीच्या भिंतीला लागून. तुझी आई इकडे गारठलेल्या खोलीत."

"हे कधी बोलली नाहीस."

"तू जेवणाचंच विचारायचीस, बाळ."

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, मावशी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी शेंडेफळला वही काढायला सांगितली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मामा, पहिल्या दिवशीचं सांगा. पिल्लं किती होती? कुडकुडत होती म्हणजे नेमकं काय करत होती? खिडकी उघडी होती का?"

मी सांगू लागलो. त्या मधेमधे थांबवून विचारत होत्या आणि शेंडेफळ लिहून घेत होती. तासभर तरी मी बोललो असेन. एवढं मी कुणापुढे कधी बोललो नव्हतो.